ताईच्या कामाला पगार हवा

परवा माझ्यासमोर बसलेल्या मुलीने खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं, "मी गणित सोडतेय." पहिल्या परीक्षेत ४१, दुसरीत ६८. विषय सोडायची शेवटची तारीख शुक्रवार. आई मोटेलमध्ये खोल्या साफ करते, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच.

मी अमेरिकेत एमएस करतेय आणि विद्यापीठाच्या स्टुडंट सपोर्ट सर्व्हिसेस या विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या सरकारी कार्यक्रमात ग्रॅज्युएट असिस्टंट आहे. आठवड्याला २० तास काम, त्याबदल्यात फी माफ आणि दरमहा मानधन. लोकांना वाटतं मी शिकवणी घेते. शिकवणीही असते, पण खरं काम वेगळंच आहे.

त्या दिवशी आम्ही तिचा सिलॅबस उघडला. इथे त्यात कशाला किती वेटेज तेही छापलेलं असतं. गृहपाठाला २५ टक्के, त्यात तिला ९०. दोन परीक्षांना २०-२० टक्के, फायनलला ३५. कागदावर बेरीज मांडली. हातात ४४.३ होते. पास व्हायला ७० हवेत, म्हणजे फायनलला ७४ पडले तरी पुरे. ती त्या आकड्याकडे बघतच राहिली. तिने मनात केव्हाच स्वतःला नापास ठरवून टाकलं होतं. शिवाय विषय सोडला तर तो 'घेतला पण पूर्ण केला नाही' असा मोजला जातो, आणि असे विषय वाढले की सरकारी मदतही थांबू शकते. हे तिला कोण सांगणार? आईला माहीत नाही, आणि प्राध्यापकांना विचारायची भीती वाटते. 'ऑफिस अवर्स' म्हणजे सरांना त्रास द्यायचा नाही ती वेळ, असंच ती वर्षभर समजत होती!

हे काम इथे कुणाच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. १९६५ चा उच्च शिक्षण कायदा तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासात, ते स्वतः शिकले त्याच कॉलेजात जाऊन सही करून मंजूर केला. तरुणपणी त्यांनी कोटुला गावात गरीब मेक्सिकन-अमेरिकन मुलांना शिकवलं होतं. त्याच कायद्याखाली १९६८ मध्ये स्टुडंट सपोर्ट सर्व्हिसेस सुरू झालं. त्याचा नियम स्पष्ट आहे: किमान दोन तृतीयांश विद्यार्थी अपंग, किंवा कमी उत्पन्नाच्या घरातले आणि पहिल्या पिढीतले हवेत. आई-वडिलांपैकी कुणाकडेच पदवी नाही, ती पहिली पिढी. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या अंदाजपत्रकात याच कार्यक्रमांचा निधी पूर्ण बंद करायचा प्रस्ताव आला, तेव्हा पोटात गोळा आला होता माझ्या.

कारण मी स्वतः त्या खुर्चीत बसलेय. लातूरला, समाजकल्याणच्या वसतिगृहात. पहिल्या वर्षी माझा महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचा अर्ज त्रुटी काढून परत आला होता. कॉलेजच्या खिडकीवर "ऑनलाइन बघा" एवढंच उत्तर. बघायचं कुठे, ते कुणी सांगितलं नाही. वरच्या मजल्यावरच्या एमएच्या ताईने रात्री माझा मोबाईल हातात घेतला. उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा जोडला होता, बस एवढंच. मुदतीला दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी ती स्वतःचा पेपर तोंडावर असताना माझ्याबरोबर सेतू केंद्रावर उभी राहिली.

ती वरच्या मजल्यावर नसती तर मी गावी परतले असते. एका मुलीचं शिक्षण असं योगायोगावर टांगलेलं असावं, हे मला मान्यच नाही. आपल्याकडे योजना आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, समान संधी केंद्रांचे फलकही आहेत. त्या फलकाखाली रोज चार तास कुणीतरी बसलेलं पाहिजे.

आणि ते माणूस बाहेरून आणायला नको. १९४७ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात कॉलेज काढलं ते 'कमवा आणि शिका'च्या बळावर. ती परंपरा आजही आहे, मुलं बागेत, ग्रंथालयात, ऑफिसात राबतात. त्याच यादीत हे एक काम घाला: एमए-एमएस्सीची मुलं, ठरलेले तास, टेबल, आणि नीट मानधन. केटी लागलेल्या, म्हणजे विषय राहिलेल्या पोराशेजारी बसायचं, अर्ज तपासायचे, तारखा सांगायच्या, गरज पडली तर सरांच्या केबिनपर्यंत सोबत जायचं. नुकतंच त्यातून गेलेल्या माणसाला हे जेवढं कळतं, तेवढं वीस वर्षं नोकरीत असलेल्याला कळत नाही.

ताई आता तासिका तत्त्वावर शिकवते. प्रवेशाच्या दिवसांत त्या वसतिगृहातल्या मुली रात्री अकरा वाजता अजूनही तिला व्हॉट्सअ‍ॅपवर अर्जाचे स्क्रीनशॉट पाठवतात. ती प्रत्येकीला उत्तर देते.