गर्दी लेन्सने वाढत नाही

‘टेलिफोटो (लांबचं जवळ आणून दाखवणारी लेन्स) लावला की रांगेतली माणसं एकमेकांना खेटलेली दिसतात’ असा मेसेज फिरतोय. परिणाम खरा, कारण चुकीचं. २०२० च्या कोरोनाकाळात डेन्मार्कच्या छायाचित्रकारांनी तीच माणसं जवळून आणि लांबून टिपून हा फरक दाखवला होता. खेळ लेन्सचा नाही, कॅमेरा माणसांपासून किती लांब आहे त्याचा आहे.

रांगेत एकामागे एक उभ्या, सारख्याच उंचीच्या दोघांमध्ये २ मीटर सोडलेत असं धरा. पहिल्यापासून ३ मीटरवर उभे राहिलात तर मागचा त्याच्या उंचीच्या ६० टक्केच दिसतो. ५० मीटरवरून ९६ टक्के. उंची सारखी दिसली की बघणारा ‘खेटलेत’ असं समजतो आणि चिडतो. ५० मीटरवरूनच वाइड लेन्सने (जास्त परिसर टिपणाऱ्या) काढून क्रॉप करा, म्हणजे तेवढाच भाग कापून मोठा करा. खेटाखेटी तीच, फक्त फोटो फुटतो, म्हणजे अस्पष्ट होतो. माणसांमधलं खरं अंतर दाखवायचं असेल तर रांगेच्या बाजूने, काटकोनात उभं राहा.