छोटी विमानसेवा प्रवाशांअभावी बंद पडते का? ऐरोलीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार दादा,

प्रादेशिक विमानसेवांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही तीन मुद्दे मांडलेत. वायुदूत या जुन्या सरकारी विमानसेवेचं कौतुक म्हणजे नुसतं जुन्या आठवणींत रमणं; 'उडान', म्हणजे छोट्या शहरांच्या मार्गांवर कंपन्यांची तूट भरून देणारी सरकारी योजना, ही करदात्यांच्या पैशाची उधळण; आणि जळगावला जायला ठाण्यात किंवा कल्याणला गाडी मिळत असताना विमान हवंय कुणाला, प्रवासीच नाहीत! मुद्दे रोखठोक आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

पैशाबद्दलची तुमची चिडचिड रास्त आहे. कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, २०२३च्या अहवालात उडानच्या पहिल्या तीन टप्प्यांचा हिशेब मांडला. ७७४ मार्ग दिले गेले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यांपैकी फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली, आणि मार्च २०२३पर्यंत त्यातले ५४ उरले होते. हे आकडे कुणालाही झोंबतील. फक्त एक दुरुस्ती: तुटीचा ८० टक्के वाटा ज्या निधीतून येतो, तो मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकार लावून जमवला जातो. म्हणजे तो भार मुख्यतः दिल्ली-बंगळूरुला जाणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांच्या तिकिटावर पडतो. उरलेले २० टक्के राज्य सरकार देतं. तरीही पैसा लोकांचाच, हे मान्य.

पण याच आकड्यांवरून तुम्ही म्हणता की प्रवासीच नाहीत, ते मला पटत नाही. जे ४०३ मार्ग सुरूच झाले नाहीत, त्यांवर प्रवासी होते की नव्हते हे कळणार कसं? कितीतरी ठिकाणी विमानतळच वेळेत तयार झाले नाहीत. आणि सुरू होऊन बंद पडलेल्यांचं दुखणं वेगळं आहे.

जळगावचंच बघा. डिसेंबर २०१७मध्ये एअर डेक्कनने मुंबईहून नाशिक आणि जळगावला बीचक्राफ्ट १९००डी हे जेमतेम १९ आसनांच्या वर्गातलं विमान सुरू केलं. मुंबईत स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, मिळवण्यापासूनच ओढाताण झाली. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या रांगेत दीड-दोनशे प्रवाशांच्या विमानांपुढे या चिमुकल्या विमानाची पत ती किती! शिवाय ताफा लहान. एक विमान सुट्या भागासाठी अडलं, म्हणजे विमानवाल्यांच्या भाषेत एओजी (एअरक्राफ्ट ऑन ग्राउंड) झालं, की त्याच्या दिवसभराच्या सगळ्या फेऱ्या कोसळतात, कारण बदली विमान नसतं. मुंबईच्या कोर्टात तारीख असलेला जळगावचा वकील एकदा फसेल, दुसऱ्यांदा फसेल, तिसऱ्यांदा आदल्या रात्रीच गाडीत बसेल. मग आसनं रिकामी दिसू लागतात आणि आपण म्हणतो, बघा, प्रवासी नाहीत! सेवा आधी बेभरवशाची होते, प्रवासी नंतर जातात. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. एप्रिल २०२०मध्ये कोविडच्या टाळेबंदीत ती कंपनी थांबली, पण जळगावकरांचा भरवसा त्याआधीच उडाला होता.

वायुदूतबद्दलही हेच. २६ जानेवारी १९८१ला इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडियाने मिळून ती काढली ती ईशान्य भारतासाठी, जिथे रस्त्याने जायला दिवस लागायचे. ही कल्पना शंभर टक्के योग्य होती. बिघडलं ते पुढे, ती देशभर वेगाने पसरवल्यावर. कानपूरला एचएएलने बांधलेली १९ आसनी डॉर्निअर, जोडीला ॲव्रो आणि फोकर. एवढ्याशा कंपनीत तीन जातींची विमानं म्हणजे तीन प्रकारचे परवाने असलेले वैमानिक, तीन प्रकारचे इंजिनिअर, सुट्या भागांची तीन कोठारं. १९९३मध्ये ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. तिचं कौतुक मी करतो ते तिने निवडलेल्या गावांसाठी, कारभारासाठी नाही.

छोट्या विमानतळाला विमान कसं हवं, हे समजायला एटीआर ७२ हे पंख्यांचं विमान जवळून बघावं. प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि पायऱ्या त्या दारालाच जोडलेल्या, त्यामुळे शिडीची गाडी लागत नाही. सामान पुढच्या दाराने. उजव्या इंजिनाच्या पंख्याला ब्रेक लावून इंजिन चालू ठेवता येतं. पंखा स्थिर आणि आत वीज, हवा दोन्ही चालू. याला हॉटेल मोड म्हणतात. जिथे वीज पुरवणारी गाडीसुद्धा नाही, तिथे हे विमान स्वतःच्या बळावर उभं राहतं. सरकारनेही छोट्या विमानांना सवलती दिल्यात: विमानतळ प्राधिकरणाच्या विमानतळांवर ८० आसनांच्या आतल्या विमानांना उतरण्याचं शुल्क माफ, आणि ४० टनांच्या आतल्या विमानांच्या इंधनावर विक्रीकर कमी. म्हणजे यंत्र योग्य आहे, सवलत आहे, माणसंही आहेत.

माणसं आहेत हे नांदेडने दाखवलं. २७ एप्रिल २०१७ला, उडानच्या पहिल्याच दिवशी, ट्रूजेट या कंपनीने नांदेड-हैदराबाद सुरू केलं, पुढे मुंबईही जोडली. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात येणाऱ्या भाविकांचा ओघ बारमाही. तरी फेब्रुवारी २०२२मध्ये ट्रूजेट थांबली ती कंपनीकडचा पैसा आटल्यामुळे.

राहिला गाडीचा मुद्दा. ठाणेकराला सांताक्रूझ गाठायलाच तास-दीड तास लागतो, त्यामुळे जळगावसाठी गाडी सोयीची, हे मी नाकारत नाही. पण ऐरोलीकराचं गणित आता बदललंय. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झालीत. धावपट्टी ३,७०० मीटरची आहे, आणि मुंबईसारखी गर्दी तिथे अजून झालेली नाही. ती होण्याआधीच राज्याने आपल्या २० टक्क्यांच्या बदल्यात एक अट घालावी: नांदेड, जळगाव, सोलापूर, कोल्हापूरसाठी सकाळी मुंबईत आणणारा आणि संध्याकाळी परत नेणारा स्लॉट राखून ठेवायचा, आणि कंपनीने बदली विमानाची सोय दाखवल्याशिवाय एक रुपयाही द्यायचा नाही. या अटींवर वर्षभर चालवून विमानं रिकामी गेली, तर उडान गुंडाळा म्हणणाऱ्यांत मीही असेन.