छत्तिसावा खडा

गेल्या शनिवारी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास माझ्या मानेचा मळ राम मारुती रोडवरच्या एका सराफी पेढीत, भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीवर दाखवण्यात आला. प्रवेश विनामूल्य होता. प्रेक्षकांत लग्न ठरलेलं एक जोडपं होतं, दोन नळीची बंदूक घेतलेला वॉचमन होता आणि शेपूच्या दोन जुड्या मांडीवर घेऊन बसलेल्या एक काकू होत्या. काकूंमुळेच खेळ रंगला.

आधीचं थोडक्यात सांगतो. पन्नाशी आली, बँकेतल्या वेतनकराराची थकबाकी हातात पडली आणि बायको म्हणाली, "या वेळी तू स्वतःसाठी काहीतरी घे." असं म्हटल्यावर शहाणा माणूस चपला घेतो. मी हिऱ्यांची चेन घेतली. आजोबांच्या फोटोत त्यांच्या गळ्यात जाडजूड गोफ आहे. तो आत्याच्या लग्नात मोडला आणि त्यानंतर आमच्या घरातल्या पुरुषांच्या गळ्यात मफलरखेरीज काही पडलं नाही. ती परंपरा मोडायची मलाच हौस.

चेन १८ कॅरटची, खडे ३६, प्रत्येकी एक सेंटचे. बिल्डिंगमध्ये मात्र बातमी पसरली ती '१८ कॅरटचा हिरा' अशी. यात लोकांची चूक नाही. सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धता, २४ पैकी १८ भाग सोनं, म्हणून चेनवर ७५० चा शिक्का. हिऱ्याचा कॅरट म्हणजे वजन, २०० मिलिग्रॅम, आणि त्याचे पुन्हा १०० सेंट. एकच शब्द दोन दुकानं चालवतो. माझे छत्तीसच्या छत्तीस हिरे मिळून ७२ मिलिग्रॅम भरतात. तापावरची पाचशेची गोळी त्यांच्या जवळजवळ सातपट आहे. तळमजल्यावरचे गृहस्थ तीन दिवस जिन्यात बाजूला होऊन मला वाट देत होते. हिशेब कळल्यावर पुन्हा मधोमध चालायला लागले.

निवडतानाच दोन तास गेले होते. २२ कॅरट सोनं मऊ, बारीक खडा नीट धरत नाही, म्हणून १८. कोंदण मागून उघडं हवं, म्हणजे खड्याला उजेड मिळतो. १८ इंची चेन गळ्याशी बसते म्हणतात, पण ते माप जाहिरातीतल्या पोरांचं. मी घातली तर आमच्या गल्लीतल्या मोत्याचा पट्टा दिसायला लागला. शेवटी २४ इंची घेतली. हूक 'लॉबस्टर लॉक'चा. लॉबस्टर म्हणजे शेवंड ना, मी विचारलं, पण आपल्या शेवंडीला असली नांगी नसते. सेल्समनने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच कार्ड काढलं.

हॉलमार्कचा सहा आकडी-अक्षरी नंबर मात्र मी तिथेच भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून तपासला. १ एप्रिल २०२३ पासून त्या नंबराशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. बँकवाला आहे, कागद बघितल्याशिवाय मला झोप येत नाही.

आता ही चेन पाहिली कोणी? कोणीच नाही. सकाळी ठाण्याच्या फलाटावर फास्टला लोंबकळताना गळ्यात हिरे मिरवायचे, एवढा मी शूर नाही. शर्टाच्या आत, गंजीच्याही आत, थेट कातडीवर. वर्षभर माझे हिरे घाटकोपर, कुर्ला, दादर असे घामात भिजत हिंडले.

मग तीन आठवड्यांपूर्वी चेन काढताना दिसलं, की हुकाजवळचं शेवटचं कोंदण काळं आहे. खडा नाही.

एक सेंटचा हिरा म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास. राजगिऱ्याएवढा म्हणा. आणि आमचं घर नौपाड्यातलं जुनं, मोझॅकच्या लादीचं. तिच्यात आधीच हजारो पांढऱ्या कपच्या चमकत असतात. मी मोबाइलची बॅटरी लावून गुडघ्यांवर घर पालथं घातलं. साखर सापडली, गणपतीतली टिकली सापडली. एकादशीला बायकोने राजगिऱ्याचा लाडू दिला, तोही फोडून बघितला.

आणि मग मी जे केलं ते मला सांगायचं नव्हतं. केर काढायला येणाऱ्या मावशींना म्हणालो, "मावशी, कचरा टाकण्याआधी जरा मला दाखवत जा." का, ते सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मावशी अकरा वर्षं आमच्याकडे येतात. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा बायकोकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सुपली माझ्या पुढ्यात यायला लागली. "बघून घ्या, दादा." मी रोज बोटाने केर चिवडायचो.

तर, शनिवार. पेढीत शेजारच्या खुर्चीवर त्या काकू. त्यांचं काम साधं होतं, पाटल्या हाताला रुततात, सैल करून हव्या होत्या. पाटल्या आत कारागिराकडे गेल्या होत्या आणि काकू इकडे रिकाम्या होत्या. सेल्समनने माझी चेन भिंगातून पाहिली, कपाळाला आठी घातली आणि ती मायक्रोस्कोपखाली ठेवली. त्या यंत्राचा कॅमेरा टीव्हीला जोडलेला आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तोवर टीव्हीवर नथ घातलेली एक नवरी लाजत होती. ती एकदम गेली आणि तिच्या जागी जे आलं, ते आधी मला मासुंदा तलावाचा गाळ काढताना घेतलेला फोटो वाटलं.

"सर, खडा पडलेला नाहीये," सेल्समन म्हणाला. "आहे तिथेच आहे. फक्त वर जरा..." तो शब्द शोधत होता.

"मळ," काकू म्हणाल्या.

"डिपॉझिट आहे, काकू."

"तुमच्यात डिपॉझिट म्हणत असतील. आमच्यात मळच म्हणतात."

सत्तावीस वर्षं बँकेत काढली, पण डिपॉझिट ऐकून मान खाली घालायची वेळ पहिल्यांदाच आली.

"हे तुमचं?" काकूंनी मला विचारलं. चेन की मळ, कळेना. दोन्हीला उत्तर एकच होतं.

"हो."

"खोबरेल लावता?"

"डोक्याला."

"उतरतं ते. जरा वाका."

मी वाकलो. का वाकलो, देव जाणे. त्या सुरात 'वाका' म्हटलं की चौथीतला मुलगा जागा होतो. काकूंनी शेपूच्या देठाने माझी कॉलर उचलली, आत डोकावल्या आणि देठ परत जुडीत खोचला. त्या शेपूची भाजी त्यांच्या घरी कोणीतरी खाल्ली असेल.

"पावडर पण लावता."

"उन्हाळ्यात."

"तरीच. नुसतं तेल असतं तर ओघळलं असतं, नुसती पावडर असती तर झडली असती. दोन्ही भेटलं की त्याची लांबी होते. खिडकीच्या काचेला लावतात ना, ती." मग सेल्समनकडे वळून, "माझ्या मिस्टरांच्या कॉलरला हेच. ते जाऊन नऊ वर्षं झाली. कॉलरवरचा डाग अजून आहे."

यावर काय बोलायचं असतं? मी "अरेरे" म्हणालो. कशाबद्दल, ते माझं मला कळलं नाही. मराठीत सोन्याच्या दागिन्यालाही डागच म्हणतात, हे मनात आलं, पण बोलायची वेळ नव्हती.

"मोठं करा ना जरा," काकू म्हणाल्या. त्याने केलं. आता एकेक खडा कोबीच्या गड्ड्याएवढा झाला. "आता सरकवा. मोजू या. यांचा एखादा खरंच गेला असला तर?" आणि त्या मोठ्याने मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. सातव्याला लग्न ठरलेलं जोडपं येऊन मागे उभं राहिलं. बाराव्याला वॉचमन आला, बंदुकीला टेकून. काकू नुसतं मोजत नव्हत्या, शेरेही देत होत्या. "एकोणीस, बरा आहे. वीस, हा छातीवरचा असणार, स्वच्छ आहे. सव्वीस... हं, इथून मान सुरू झाली." त्यानंतर ती नवरी मुलगी एकदाच बोलली. "ई," म्हणाली. तिच्या होणाऱ्या नवऱ्याने समोरचा पुरुषांच्या चेनांचा ट्रे हळूच लांब सरकवला.

"पस्तीस. आणि हा छत्तीस! आहे की हो, आत बसलाय बिचारा."

वॉचमनने चक्क टाळी वाजवली.

सेल्समनने मग चेन कानाशी धरून हलवली. खडा सैल असेल तर बारीक किणकिण येते म्हणे. "दोन हलतायत, सर." काकूंनी हात पुढे केला. "बघू." त्यांनीही कानाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "दोनच." मालकानेच निर्णय दिल्यासारखी चेन आत गेली. मला पावती मिळाली. त्यावर 'तक्रार'च्या रकान्यात 'खडा हरवला' आणि 'प्रत्यक्ष पाहणी'च्या रकान्यात 'मळ (जास्त)' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. खाली ग्राहकाची सही. माझं पेन चालेना. काकूंनी पिशवीतून त्यांचं दिलं.

रात्री घरी येऊन मी वाचत बसलो, निदान दोष कोणाचा हे तरी कळावं म्हणून. तो हिऱ्याचा निघाला! हिरा पाण्याला जवळ करत नाही, तेलाला मात्र चिकटतो. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या खाणींत याचाच उपयोग करायचे. चरबी फासलेल्या टेबलांवरून दगडांचा चुरा पाण्याबरोबर सोडायचा, दगड वाहून जायचे, हिरे चरबीला चिकटून राहायचे. जो गुण खाणीत चालला, तो माझ्या मानेवर चालला तर टीव्हीवर दाखवायचं काय कारण? पाणीदार हिरा, पाणीदार हिरा म्हणतात. माझ्या हिऱ्यांचं पाणी कधीच गेलं होतं, खोबरेल तेवढं उरलं होतं.

उपाय दोन रुपयांचा आहे, याचा राग जास्त येतो. कोमट पाण्याच्या वाटीत भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, चेन वीस मिनिटं बुडवून ठेवायची, मऊ जुन्या टूथब्रशने खड्याच्या मागच्या बाजूने घासायची आणि दुसऱ्या वाटीत खळबळायची. बेसिनवर कधीच नाही, निसटली की गेलीच. तेल, पावडर, अत्तर सगळं झाल्यावर चेन शेवटी घालायची. पोहायला जाताना काढायची, क्लोरीन सोन्यातल्या मिश्र धातूंना खातं. आणि इतर दागिन्यांबरोबर एका डबीत कोंबायची नाही, हिरा सोन्यालाही ओरखडतो आणि दुसऱ्या हिऱ्यालाही.

यातलं एक अक्षर विकताना कोणी सांगितलं नाही. कॅलेंडर दिलं, मखमली पिशवी दिली, महिन्याच्या भिशीचा फॉर्म दिला. उद्या चेन मोडायला गेलो तर सोन्याचं वजन तेवढं प्रेमाने होईल, हिऱ्यांचा हिशेब प्रत्येक पेढीचा आपापला, घडणावळ गेलेली आणि वर भरलेला ३ टक्के जीएसटीही गेलेला. म्हणजे मळ दाखवायला मायक्रोस्कोप आहे, आणि हे सगळं छापायला पावतीच्या मागची राखाडी बारीक अक्षरं. ती कोणी टीव्हीवर मोठी करून दाखवत नाही.

बायकोने विचारलं, "सापडला का खडा?"

"सापडला."

"कुठे होता?"

"तिथेच."

ती थोडा वेळ गप्प राहिली. "मग मावशींना सांग तू," म्हणाली. "मी नाही सांगणार."

रविवारी मावशींची सुट्टी. सोमवारी मी ठरवून लवकर उठलो, वाक्य तयार ठेवलं. मावशींनी स्वयंपाकघर झाडलं, हॉल झाडला, सुपली भरून माझ्या खुर्चीपुढे आणून ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बघून घ्या, दादा."

मी चष्मा लावला आणि वाकून बोटाने केर चिवडायला लागलो.