वरून ढग दिसतो, वारा नाही

मे महिना लागला की अलिबागच्या आमच्या कट्ट्यावर निसर्ग चक्रीवादळाचा विषय निघतोच. परवा पक्या सुटला. "अलिबाग, अलिबाग म्हणून टीव्हीवर बोंबलत होते. ३ जून २०२०ला गेलं कुठे? श्रीवर्धन-दिवेआगरला! साठेक किलोमीटर खाली. वर उपग्रह बसवलेत ते काय फोटो काढायला?"

"फोटोच काढतात," नाना म्हणाले. "इन्सॅट छत्तीस हजार किलोमीटरवरून बघतो. त्याला ढगांचा माथा दिसतो आणि तो किती थंड आहे ते कळतं. जितका थंड तितका उंच चढलेला. ढगांचं वेटोळं किती घट्ट, मधला डोळा उघडलाय का, हे ड्वोरॅक नावाच्या हवामानतज्ज्ञाच्या पद्धतीने ताडून वाऱ्याचा जोर ठरवतात. अदमासच तो."

"अमेरिकेसारखं विमान पाठवा ना आत!"

"आपल्याकडे ती रोजची सोय नाही. म्हणून तर सगळी भिस्त उपग्रहावर."

सुऱ्या मध्ये पडला. आपला दुसरा उपग्रह, ओशनसॅट, समुद्रावर मायक्रोवेव्ह लहरी सोडतो, वाऱ्याने पाणी जितकं खडबडीत तसा प्रतिसाद परत येतो, ढग आड येत नाहीत. "पण मुसळधार पावसात तोही गडबडतो. आणि फिरता उपग्रह, आपल्या टापूवर सारखा थोडाच असणार?"

पक्याला हे पटलं नाही. मला मात्र नानांचा पुढचा मुद्दा पटला. अंदाज काढणाऱ्या संगणकाला आधी आत्ताची हवा कशी आहे ते सांगावं लागतं, मग तो उद्याची सांगतो. जमिनीवर वेधशाळा आहेत, हवा मोजणारे फुगे सोडता येतात. भर अरबी समुद्रात कोण सोडणार? तिथलं तापमान, बाष्प बहुतांशी उपग्रहाच्या मोजमापातूनच आत जातं. ती सुरुवात चुकली की तीन दिवसांत वादळ भलतीकडे. आणि वादळ म्हणजे नकाशावरचं टिंब नव्हे. साठ किलोमीटर चुकले म्हणता, पण त्या दिवशी आपल्याकडचे पत्रे उडाले नाहीत का? किनाऱ्यावरची माणसं आधीच हलवली होती, हे पक्या सोयीने विसरतो.

"बरं, मग परवाच्या वळवाचं का नाही सांगितलं?"

"तो तासाभरात तयार होतो नि संपतो. त्याला रडार लागतं. मुंबईत कुलाब्याला आहे, वेरावलीला आहे."

"म्हणजे उद्या होडी काढू की नको?"

नाना मोबाइल चाळायला लागले.