पावडर, पाच मिनिटं आणि तिथीची पाऊणपट

माझा भाचा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरवर खलाशी आहे. परवा जेवायला आला होता. बांगडा ताटात तसाच ठेवून त्याने फोन माझ्यापुढे धरला. "मामा, हे वाच. ह्यात खोटं काय?"

खलाशांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज होता. वर 'कामाची माहिती, सगळ्यांना पाठवा', खाली पाच मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी खूण. एमडी, म्हणजे नशेची पावडर, घेतली की रात्र पाच मिनिटांत जाते. मेंदू घड्याळासारखा चालतो, वेळेचा अंदाज चुकत नाही. चहा-कॉफी जे करते तेच ती करते. महायुद्धात सैनिकांना सरकारच द्यायचं. आणि सोडायची झालीच तर दोन दिवस झोप काढायची, मेंदू कोरा.

भाचा घेत नाही असं सांगतो आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण 'खोटं काय' असं विचारण्याइतपत त्याला ते पटलं होतं, म्हणून हा खटाटोप.

चहा-कॉफीचं आधी उरकतो. कॅफिन झोप आणणारा निरोप काही वेळ अडवतं. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, मेंदूतली निरोप वाहणारी रसायनं, डोपामिन आणि सेरोटोनिन, भसाभस बाहेर काढते. फेब्रुवारी २०१५ पासून ती एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. टपरीवर कटिंग मारणाऱ्याला अजून कोणी आत टाकल्याचं ऐकलं नाही.

महायुद्धाची गोष्ट मात्र खरी आहे, नाइलाजाने मान्य करतो. जर्मनीत १९३८ पासून 'पर्व्हिटिन' नावाने मेथॲम्फेटामिनच्या (थोडक्यात मेथ; एमडी नव्हे, पण त्याच जातीचं उत्तेजक) गोळ्या विकल्या जात, आणि १९४० साली फ्रान्सवरच्या चढाईत सैनिकांना त्या वाटल्या गेल्या. मेसेज इथेच थांबतो. पुढच्याच वर्षी त्याच सरकारने त्या गोळ्या अफूच्या कायद्याखाली आणल्या, हे वाक्य सोयीने गाळलंय.

'रात्र पाच मिनिटांत' हेही अर्धंमुर्धं खरं. एका गोष्टीत माणूस बुडाला की वेळेकडे लक्ष राहत नाही. ते जाळं शिवतानाही होतं, पत्ते कुटतानाही होतं. थकवा मात्र अंगात साचतच राहतो, कळत नाही एवढंच. जाळं ओढणाऱ्या चालू विंचजवळ, दोराला हात लावून उभ्या असलेल्या माणसाला तो कळायला नको?

आता दुसरा मुद्दा, वेळेच्या अंदाजाचा. तो वाचून मला हसू आलं आणि मग राग आला. कारण बोटीवरच्या पोरांना हे सांगायचं म्हणजे कमाल झाली. आमच्याकडे आजोबांच्या पिढीपासून हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. तिथून सहा-सव्वासहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, हे घड्याळ न बघता तोंडी सांगतो आणि बोट कधी आत घ्यायची ते त्यावर ठरतं. अंदाज चुकला तर गाळात टेकून बसा पुढची भरती येईपर्यंत.

मार्क विटमन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००७ साली नेमकं हेच, उत्तेजकांनी वेळेचा अंदाज कसा होतो ते, तपासलं. कोकेन, मेथ यांसारख्या उत्तेजकांच्या आहारी गेलेले पंधरा पुरुष आणि ती कधीच न घेतलेले पंधरा. दोन आवाजांतला कुठला लांब हे ओळखायला व्यसनी गटाला जास्त मोठा फरक लागायचा, विशेषतः सेकंदाच्या आसपास. सेकंदाला एक अशा ठोक्यावर बोट आपटायला सांगितलं आणि मग ठोका बंद केला, तर त्यांचं बोट आपोआप वेग घ्यायचं. आणि लांबलचक अवधी त्यांना होता त्याहून जास्त वाटायचा. म्हणजे घड्याळ पक्कं राहिलंय म्हणता? ते पुढे पळतंय! उंदरांना मेथ दिली की त्यांचा वेळेचा अंदाज असाच पुढे सरकतो, हे १९८० च्या दशकातच दिसलं होतं.

आमच्या आळीतला एक मुलगा एमडीतून बाहेर पडतोय, सहा आठवडे झाले. त्या संध्याकाळी तोही पडवीत येऊन बसला. मी दोघांना म्हटलं, डोळे मिटा, एक मिनिट झालं की सांगा. फोनवर स्टॉपवॉच लावलं. हा मुलगा बाकावर बोटं वाजवत होता, आधी सावकाश, मग ढोलासारखी. अडतिसाव्या सेकंदाला म्हणाला, "झालं." भाचा सत्तावन्नला. पडवीतल्या खेळाला मी पुरावा म्हणत नाही. पण आकडा ऐकल्यावर त्या मुलाचा चेहरा पडला आणि भाच्याने फोन खिशात टाकला.

खरं नुकसान इथेच आहे, आणि मेसेजमध्ये त्याचा पत्ताच नाही. मिनिट ज्याला दीड मिनिटाएवढं वाटतं, त्याला थांबणं दीडपट जड. तलफ आली की 'जरा कळ काढ, जाईल' म्हणतो आपण. आपली 'जरा' आणि त्याची 'जरा' एक नाही. पगार पंधरा दिवसांवर आणि पुडी आत्ता हातात, तर पंधरा दिवस त्याला पैलतीर वाटतात. विटमन यांच्या गटानेही हेच सुचवलंय: लांब अवधी जास्त वाटण्याचं नातं उतावळेपणाशी निघालं, आणि या लोकांना पुढच्या मोठ्या फायद्यासाठी थांबणं का जमत नाही, याचं उत्तर त्यात असू शकतं. घरचे त्याला आळशी, बेजबाबदार म्हणून मोकळे होतात. मीही म्हणायचो.

कोणी खोडी काढण्याआधी मीच सांगतो. माणसं पंधरा-पंधराच होती, आणि उतावळा स्वभाव आधीचा की व्यसनाने आलेला, हे अशा तुलनेतून ठरत नाही. पण 'वेळेचा अंदाज पक्का होतो' असं त्यातून कुठल्याच बाजूने निघत नाही, मग तुम्ही ते उलटं धरून वाचा.

राहिला 'दोन दिवस झोपा, मेंदू कोरा'. झोप येते, ती नशा उतरल्याची. मेंदू आणि व्यसन यांवर संशोधन करणाऱ्या नोरा व्होल्को यांच्या गटाने २००१ साली मेथ सोडलेल्या मोजक्या लोकांचे मेंदू स्कॅन केले. डोपामिनचा कारभार बराच सुधारलेला दिसला, पण तो बारा ते सतरा महिने दूर राहिल्यावर. आणि तेव्हाही हातांच्या हालचाली व स्मरणशक्तीच्या चाचण्या तेवढ्या सुधारल्या नव्हत्या. दोन दिवस कुठे आणि सतरा महिने कुठे! तिसऱ्या दिवशी बरं वाटलं नाही की पोरगा म्हणणार, माझंच काहीतरी बिघडलंय, आणि परत पुडी. आमच्या आळीतल्याचं दोनदा असंच झालं. तिसऱ्या खेपेला त्याच्या आईने १४४४६ वर फोन लावला. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे ती.

काल भाच्याला विचारलं, मेसेजचं काय केलंस? म्हणाला, काढून टाकला. फोन मागून घेतला आणि बघितलं, तर त्याच्याकडे खरंच नव्हता. मग त्याच्या शेजारच्या खलाशाचा फोन बघितला. तिथे पाचही हिरव्या खुणांसकट तो जागच्या जागी, वर पाठवणाऱ्याचं नाव आमच्या भाच्याचंच. पठ्ठ्याने 'डिलीट फॉर मी' केलं होतं.