शंभर रुपयांत संस्था चालत नाही!

गोव्यातल्या आमच्या मंडळाची सभासद वर्गणी वर्षाला १०० रुपये. महिन्याला साडेआठ रुपयेसुद्धा पडत नाहीत. एवढ्यात आम्ही सभागृह झाडायचे, विजेचे बिल भरायचे, मुलांना पेटी-तबला शिकवायचा, दसऱ्याला नाटक उभे करायचे, कोजागिरीला दूध आटवायचे आणि वर्षाखेरीस ऑडिटरसमोर जाऊन बसायचे. आणि वर्गणी ६०० करूया म्हटले की सभेत निम्मे लोक असे उसळतात, जणू मी त्यांच्या भाटातले, म्हणजे बागेतले, माडच मागितले!

रविवारच्या सर्वसाधारण सभेत ठराव पुन्हा पडला. मी या मंडळाची खजिनदार आहे, म्हणून हिशेब इथे मांडते. ज्यांनी विरोधात हात वर केले त्यांनी निदान तो एकदा डोळ्यांखालून घालावा. सभेत तर कोणी कागद उलटूनही पाहिला नाही.

पटावर वार्षिक सभासद १८०. मागे न लागता वर्गणी देणारे नव्वदच्या आसपास. म्हणजे हातात येतात ९,००० रुपये. वीज, झाडलोट, वर्तमानपत्रे, शिकवणाऱ्या मास्तरांचे मानधन, ऑडिट, पावसाळ्यात उडालेली कौले, हे सगळे धरून खर्च जातो सव्वा लाखाच्या घरात. १८० जणांत वाटला तर माणशी सातशेच्या जवळ. मी सातशेही मागितले नाहीत, ६०० मागितले. महिन्याला ५०. फोंड्यात पन्नास रुपयांत माशांची थाळी मिळते काय? विद्यार्थ्यांना १००च ठेवले होते, साठीच्या वरच्यांना ३००. हे सगळे छापून प्रत्येकाच्या हातात दिले. त्यावर उत्तर काय आले? "वयनी, इतली घाय कित्याक? स्पॉन्सर मेळटलो." (एवढी घाई कशाला, स्पॉन्सर मिळेल.) झाले. विषय संपला, चहा आला.

स्पॉन्सर! मग गेल्या दसऱ्याचे नाटक आठवा. प्रवेशद्वारावर भलामोठा बॅनर. त्यावर पैसे देणाऱ्या पुढाऱ्याचा, म्हणजे भाईंचा, चेहरा, शेजारी बायकोचा चेहरा, खाली त्यांच्या माणसांचे चार चेहरे, आणि उजव्या कोपऱ्यात, बोटभर उंचीच्या अक्षरांत, आमच्या मंडळाचे नाव. नाटक कोणाचे? तालमी कोणी घेतल्या? पाहणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता. साडेसातचा प्रयोग. "भाई येतले, भाई येतले" करत साडेनऊ वाजले. विंगेत सात-आठ वर्षांची मुले मुकुट घालून ताटकळत होती. घामाने रंग मानेपर्यंत ओघळला होता. एका पोराच्या मिशीचा डिंक सुटला म्हणून त्याची आई ती मिशी दोन बोटांनी दाबून धरून उभी होती, आणि ते पोर पुन्हा पुन्हा विचारत होते, "आई, आता तरी सुरू होणार?" भाई आले, समई पेटवली, अर्धा तास बोलले, शाल-श्रीफळ घेतले आणि पहिल्या अंकाचा पडदा वर जायच्या आत निघून गेले. त्यांच्याबरोबर पुढच्या तीन रांगा उठल्या. मुलांनी नाटक केले ते रिकाम्या खुर्च्यांसमोर. कबूल झाले होते २५,०००. आले १५,०००. उरलेल्या पैशांसाठी फोन मीच करते आहे, कार्यकारिणीतला दुसरा कोणी नाही.

पैसे देणाऱ्यावर माझा राग कमी आहे. त्याला प्रसिद्धी हवी, तो ती विकत घेतो. संताप येतो तो आमच्याच लोकांचा, जे महिन्याला पन्नास रुपये वाचवायला अख्खी संस्था दुसऱ्याच्या हातात देतात. नाटकानंतर महिन्याभरातच फोन आला, "यंदा कमिटीत आमचा एक माणूस घ्या." का घ्यायचा? त्याने कधी एक खुर्ची उचलली? एक पावती फाडली? पण आमच्यातले दोघे-तिघे लगेच तयार. "बरे संबंध राहतात." उद्या निवडणूक लागली की याच सभागृहाची किल्ली मागायला माणूस येईल, आणि नाही म्हणायला आमच्याकडे तोंड उरणार नाही.

आता आजीव सभासदांचे ऐका, कारण सभेत सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा होता. हे १४० जण. कधीकाळी ५०१ रुपये एकदाच भरले आणि जन्माचे सभासद झाले. ते पैसे मुदत ठेवीत ठेवून नुसते व्याज वापरायला हवे होते. आजीव वर्गणी घ्यायची असते ती त्याचसाठी. त्या वेळच्या कार्यकारिणीने ते सभागृहाच्या छपराला घातले. छप्पर गरजेचे होते, मान्य. पण ठेव शाबूत असती तरी सात टक्के धरून ५०१ रुपयांवर वर्षाचे व्याज होते ३५ रुपये. पस्तीस! कोजागिरीला एका माणसाचे मसाला दूध आणि पोहे त्यात बसत नाहीत. आणि हेच लोक सहकुटुंब येतात, पुढच्या रांगेत बसतात, दूध पातळ होते म्हणून तक्रार करतात आणि वार्षिक सभासदांची वर्गणी किती असावी यावर मत देतात. त्यांच्या खिशातून एक पैसा जाणार नाही, तरी हात विरोधात वर. मी विनंती केली की आजीव सभासदांनी वर्षाला स्वखुशीने काही द्यावे, सक्ती नाही. "आमी एकदां दिल्यात न्हय?" हो, दिलेत. पण त्या वेळची वीज आणि आजची वीज एकाच भावाची आहे काय?

पेटी वाजवून बघा एकदा. मधल्या सप्तकातले दोन सूर मेलेले आहेत. शिकणारी मुले त्या पट्ट्यांवरून बोट उडी मारून पुढे नेतात, आणि त्यांना आता तशीच सवय लागली आहे. घराबाहेर चांगल्या पेटीवर बसवले तरी ती दोन बोटे अडखळतात. मास्तर दर आठवड्याला सांगतात, मी दर आठवड्याला "बघूया" म्हणते. आम्ही अंत्रुज महालातले, म्हणजे फोंडा तालुक्यातले, संगीत आमच्या रक्तात आहे, अशी भाषणे ठोकणाऱ्यांनी त्या पेटीसमोर बसावे आणि एक भजन पुरे वाजवून दाखवावे.

आणि पास! नाटक म्हटले की फुकट पास. तिकडे तियात्र, म्हणजे कोंकणी नाटक, बघा. लोक तिकीट काढून जातात, रांग लावतात, चांगल्या तियात्राचे शंभर-शंभर प्रयोग होतात, त्यावर माणसांची घरे चालतात. त्या प्रेक्षकांना मी मनापासून मानते. त्याच तालुक्यात, त्याच रस्त्यावर, मराठी नाटकाला पन्नास रुपयांचे तिकीट लावले की आमच्या माणसांना अपमान वाटतो. "आपलेच नाटक, तिकीट कसले?" आपलेच आहे म्हणूनच तिकीट! परक्याच्या नाटकाला कोण पदरमोड करणार?

स्मरणिकेचे वेगळे सांगत नाही. जाहिरात छापून होते, पैसे पुढच्या चवथीपर्यंत येत नाहीत. सरकारी अनुदान कार्यक्रमापुरते, त्यातून रोजची वीज भागत नाही. मग कोणीतरी हमखास सुचवतो, "आपली माणसे बाहेर आहेत, त्यांच्याकडून घेऊया." अहो, पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात गेलेला आपला शेजारी आज परदेशी नागरिक आहे. त्याने स्विंडनहून पाठवलेली देणगी ही विदेशी देणगी ठरते. २०१०च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती घेता येत नाही. त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळते ते) असले तरी नाही. हे मी तीन सभांत सांगितले. तरी रविवारी तोच मुद्दा, त्याच तोंडून. आणि मोठी रोख देणगी देऊन "आयकराची सूट मिळेल अशी पावती द्या" म्हणणाऱ्यांनाही पुन्हा एकदा सांगते, २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला ती सूट मिळत नाही. चेक द्या, नाहीतर बँकेतून पाठवा. माझ्यावर आवाज चढवून कायदा बदलणार नाही.

"गरिबांना परवडणार नाही" हा तर सगळ्यांत संतापजनक मुद्दा. कोण म्हणाले हे? ज्यांनी मे महिन्यात दारात नवी गाडी आणून उभी केली, ते. आमच्याकडे एका खाजगी बसच्या कंडक्टरची मुलगी पेटी शिकते. तो माणूस एप्रिल लागला की पहिल्याच आठवड्यात येतो, दहा-वीसच्या नोटा मोजून देतो, पावती घडी घालून खिशात ठेवतो. वर्गणी वाढवायच्या ठरावाला त्याने हात वर केला, बाजूने! ज्याला खरेच अडचण आहे तो येऊन हळूच सांगतो, आणि त्याची वर्गणी आम्ही आजवर कधी अडवलेली नाही, पुढेही अडवणार नाही. त्याचे नाव पुढे करून स्वतःचे पन्नास रुपये वाचवू नका. लाज वाटली पाहिजे.

१९१२ साली मडगावात गोमंत विद्या निकेतन ही संस्था उभी राहिली तेव्हा इथे राज्य पोर्तुगिजांचे होते. गावोगावी मराठी शाळा चालल्या, वाचनालये चालली, त्यामागे लोकांच्या खिशातला पैसा होता. त्या लोकांकडे आमच्याइतका पैसा होता काय? आणि आज आम्हाला महिन्याला पन्नास रुपये जड होतात!

आता ज्यांनी विरोध केला त्यांच्यासाठी एक गोष्ट. आमचे मंडळ १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेले आहे. त्यातले कलम १५ वाचा. तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेल्या माणसाला मत देता येत नाही, सभासद म्हणून तो मोजलाही जात नाही. रविवारी विरोधात वर गेलेल्या हातांपैकी कितीतरी थकबाकीदारांचे होते. मी यादी घेऊन उभी राहिले तर अध्यक्ष म्हणाले, "वयनी, गावातली माणसे, असे कसे करणार?" गावातली माणसे म्हणूनच करायचे, अध्यक्षबाब. परक्यांकडून वर्गणीची अपेक्षा कोणी धरली होती?

थकबाकीची यादी उद्या फलकावर लागेल, नावानिशी. कोणाला राग आला तर पैसे घेऊन यावे, मी संध्याकाळी सहा ते आठ सभागृहातच असते. ठराव पुढच्या सभेत पुन्हा येणार आहे, ६००चाच. आणि मतदानाआधी पावतीपुस्तक टेबलावर उघडे असेल. ज्याची पावती फाटलेली नाही त्याचा हात मी मोजू देणार नाही.