छोटा अँप स्पीकर जाळतो? आधी गेन आणि अर्थिंग बघा

गणपतीच्या तोंडावर रत्नागिरी-मालवण पट्ट्यात गाड्यांना सबवूफर (खर्जाचे मोठे स्पीकर) बसू लागले की एक मेसेज हमखास फिरतो: "छोटा अँप (अँप्लिफायर) क्लिप झाला की डीसी सोडतो, म्हणून स्पीकर जळतो. मोठा अँप घ्या. हेडलाइट मंद होत असतील तर कपॅसिटर लावा." यातला एकही सल्ला टिकत नाही.

क्लिपिंग म्हणजे डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, नव्हे. अँपची व्होल्टेजची मर्यादा संपली की लाटेचे शेंडे वरखाली दोन्हीकडून सपाट होतात. स्पीकर जळतो तो व्हॉइस कॉइल, म्हणजे स्पीकरमधलं तारेचं वेटोळं, तापल्यामुळे. 100 वॅटच्या अँपची लाट पुरती चौकोनी झाली तरी तो फार तर 200 वॅट देईल. 80 वॅटचा स्पीकर त्यात जाईल. 300 वॅटच्या सबवूफरचा आवाज फाटेल, पण कॉइल शाबूत राहील. ट्वीटरला, म्हणजे उंच स्वरांच्या छोट्या स्पीकरला, मात्र खरा धोका आहे, कारण कापलेल्या लाटेत वरच्या फ्रिक्वेन्सी वाढतात.

मोठा अँप घेऊन गेन पूर्ण फिरवलात, तर तोच स्पीकर आणखी लवकर जळेल. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, डेककडून (गाडीतल्या म्युझिक प्लेअरकडून) आलेला सिग्नल अँपने किती मोठा करायचा ते ठरवणारी कळ. इंजिन चालू ठेवा, स्पीकरच्या वायर काढा, बास बूस्ट, इक्वलायझर आणि फिल्टर बंद करा. डेकचा व्हॉल्यूम पाऊणवर ठेवून 50 हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन लावा. साधा मल्टिमीटर याच फ्रिक्वेन्सीच्या आसपास भरवशाचा असतो. 4 ओहमला 100 वॅट हवे असतील तर अँपच्या स्पीकर टर्मिनलवर एसी 20 व्होल्ट दिसेपर्यंतच गेन वाढवा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, इतकंच गणित. खोक्यावरचा "मॅक्स" आकडा यात धरू नका, आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे वॅट, धरा.

आता कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून झटक्यात देणारा भाग. 500 वॅटचा क्लास डी (कमी वीज वाया घालवणाऱ्या जातीचा) अँप, कार्यक्षमता 80 टक्के धरली तर, 13.8 व्होल्टला सुमारे 45 अँपिअर ओढतो. 1 फॅरडचा कपॅसिटर 14 वरून 12 व्होल्टवर येईपर्यंत 26 ज्यूल देतो, म्हणजे या अँपला सेकंदाचा पंचविसावा भागच पुरतो. पुढे भार ऑल्टरनेटर आणि बॅटरीवरच.

आपल्याकडे अँपच्या व्होल्टेजचा खरा चोर बहुधा अर्थिंग, म्हणजे अँपच्या निगेटिव्ह वायरची गाडीच्या पत्र्याशी बोल्टने केलेली जोडणी, असतं. खारा वारा आणि पावसाळा मिळून बोल्टखाली गंज धरतात. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर दातेरी वॉशरसह बोल्ट आवळा, मग वरून ग्रीस लावा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर इथे टाळा. टोकाशी ती लवकर पांढरी पडते. गाणं जोरात चालू असताना अँपच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत डीसी व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं, तर नवीन अँप घेण्याआधी तो बोल्ट उघडा.